पैशाचं गणित जमतं, मग अडतं कुठे?

पैशाबद्दल कुणाशी जरा मोकळेपणाने बोलायला बसलं की एक गोष्ट हमखास जाणवते, ती म्हणजे काय करायचं हे बहुतेकांना माहीत असतं. मिळकतीपेक्षा खर्च कमी ठेवायचा, जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडायचं, अडीअडचणीसाठी काही महिन्यांचा खर्च बाजूला काढायचा, आणि उरलेलं लवकर आणि नियमित गुंतवायचं. झालं, एवढंच आहे, शाळेतल्या गणिताच्या पलीकडचं यात काही नाही. तरीपण चांगली कमाई असणारी माणसं वर्षानुवर्षं तिथल्या तिथे असतात आणि स्वतःलाच विचारत राहतात की एवढा पैसा येतो तो जातो कुठे.

या विषयावर दोन टोकाचे सल्ले मिळतात आणि मला दोन्ही पटत नाहीत. एक टोक म्हणतं, मनात श्रीमंतीचा विचार आणा, ठाम विश्वास ठेवा, पैसा आपोआप येईल. दुसरं म्हणतं, भावना बाजूला ठेवा आणि फक्त आकडे बघा. आता विश्वास ठेवल्याने कर्जाचं व्याज थांबत नाही हे उघड आहे, पण दुसरा सल्लाही तितकाच अर्धवट आहे, कारण आकडे बघणारा माणूस घाबरलेला असतो, थकलेला असतो, कधी लाजलेला असतो, कधी शेजारच्याचं बघून अस्वस्थ झालेला असतो, तो भावना कुठे नेऊन ठेवणार? मला असं वाटतं की पैशाच्या बाबतीत माइंडसेट म्हणजे डोक्यात चोवीस तास चालणारा काही मंत्र नसतो, ठराविक काही क्षण असतात आणि त्या क्षणी आपण कसे वागतो यावर जवळपास सगळं ठरतं. पगार जमा होतो तो क्षण, स्टेटमेंट येतं तो क्षण, बाजार धाडकन पडतो तो क्षण, एखादा महिना हुकतो तो क्षण, दुसऱ्याने काहीतरी मोठं घेतल्याचं कळतं तो क्षण. हे क्षण आधीच माहीत असतात, त्यामुळे त्यांची तयारी पण आधीच करता येते, आणि माझा सगळा भर त्या तयारीवर आहे.

पहिला आणि माझ्या मते सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे बघायची भीती. उधळेपणा किंवा आळस यांच्याबद्दल सगळे बोलतात, पण बघायचं टाळणं याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. कार्डाचं स्टेटमेंट आलं की मेल न उघडता तसाच पडू द्यायचा, खात्यात किती आहे हे अंदाजानेच धरून चालायचं, आणि कुणी विचारलं की कर्ज किती आहे तर हप्ता सांगायचा. ही शेवटची खूण मला फार बोलकी वाटते. हप्ता पाठ असतो कारण तो दर महिन्याला टोचतो, पण मुद्दल अजून किती बाकी आहे, व्याजाचा दर काय आहे, शेवटचा हप्ता कुठल्या वर्षी जाणार आहे हे सांगता येत नाही, कारण ते माहीत करून घ्यायला एकदा नीट बसावं लागतं आणि बसायचं म्हटलं की पोटात गोळा येतो.

आणि हे फक्त कर्जवाल्यांचं नाही बरं का. कार्लसन, लोवेन्स्टाइन आणि सेपी या तीन अभ्यासकांनी २००९ मध्ये गुंतवणूकदारांच्या सवयींवर एक पेपर लिहिला, त्यात दिसलं की बाजार वर जात असतो तेव्हा लोक आपलं खातं जास्त वेळा उघडून बघतात आणि बाजार खाली येतो तेव्हा बघणं कमी करतात. याला शहामृग परिणाम म्हणतात. म्हणजे ज्यांच्याकडे गुंतवायला पैसे आहेत, ज्यांना यातलं कळतं असं आपण समजतो, ती माणसंसुद्धा वाईट बातमीकडे पाठ फिरवतात. मग ज्याच्या डोक्यावर तीन कर्जं आहेत त्याने स्टेटमेंट उघडलं नाही तर त्याला बेजबाबदार म्हणायची घाई कशाला करायची?

यामागे मला जे दिसतं ते असं की आपण त्या आकड्याला स्वतःबद्दलचा निकाल समजतो. खात्यात एवढेच उरलेत याचा अर्थ मी नालायक, मी मागे पडलो, माझ्या वयाच्या लोकांनी काय काय केलं. एकदा आकडा असा निकाल झाला की तो बघणं म्हणजे शिक्षा ऐकणं, आणि शिक्षा ऐकायला आपणहून कोण जातं. म्हणून मी जवळच्या लोकांना एकच सांगते की पहिल्यांदा बघाल तेव्हा काहीही ठरवू नका. बजेट नको, संकल्प नको, कुठला खर्च बंद करायचा तेही नको. फक्त एका कागदावर लिहा, महिन्याला हातात किती येतं, किती जातं, एकूण देणं किती आणि कुठल्या दराने, आणि साठलेलं किती. लिहून झालं की कागद बंद करून ठेवा आणि दुसऱ्या कामाला लागा, विचार नंतर कधीतरी करा. बघणं आणि निर्णय घेणं ही दोन कामं वेगळी केली ना की बघणं बरंच सोपं होतं. माझी एक मैत्रीण कित्येक महिने हा कागद टाळत होती, शेवटी लिहिला तेव्हा कळलं की एकूण देणं तिच्या मनातल्या भीतीपेक्षा बरंच कमी होतं आणि सगळ्यात जास्त दराचं कर्ज हे रकमेने सगळ्यात लहान होतं, म्हणजे जे सगळ्यात आधी संपवायला हवं तेच सगळ्यात लवकर संपण्यासारखं होतं. सगळ्यांचं असं चांगलं निघेल असं नाही, काहींचं भीतीपेक्षा जास्तही निघेल. पण जास्त निघालं तरी ते आता एक संख्या आहे, आणि संख्येला भागता येतं, नुसत्या धाकधुकीला भागता येत नाही.

आता एक गोष्ट इथे स्पष्ट बोलायला हवी, नाहीतर हा सगळा विषय अन्यायाचा होतो. माइंडसेट सुधारा म्हणजे सगळं होईल हे ज्याची मिळकतच पुरत नाही त्याला सांगणं चूक आहे. २०१३ मध्ये मणी, मुल्लैनाथन, शफिर आणि झाओ यांचा एक अभ्यास सायन्स या नियतकालिकात आला होता. त्यांनी तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांना विचारशक्तीच्या चाचण्या दिल्या, त्याच शेतकऱ्यांना, एकदा कापणीच्या आधी जेव्हा हातात पैसा नसतो आणि एकदा कापणीनंतर जेव्हा पैसा आलेला असतो. माणूस तोच, बुद्धी तीच, पण तंगीच्या दिवसांत गुण कमी पडले. पैशाची ओढाताण ही डोक्यात जागा अडवून बसते, उद्या काय द्यायचं कुणाला द्यायचं हे सतत चालू असतं, मग पाच वर्षांनंतरचा विचार करायला डोकं शिल्लकच राहत नाही. म्हणून ज्याची ओढाताण चालू आहे त्याला माझं सांगणं एवढंच की मोठी ध्येयं आत्ता बाजूला राहू दे, आधी छोटीशी गंगाजळी, एखादा अचानक खर्च आला तर उसने न मागता भागेल एवढीच. ती साठली की झोप लागते, आणि झोप लागायला लागली की माणूस पुढचं बघू शकतो. माझ्या डोळ्यांदेखत हे घडताना मी बघितलंय.

याच्याच जवळची दुसरी गोष्ट आहे विश्वासाची. तो लहान मुलांचा प्रसिद्ध प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो, स्टॅनफर्डमध्ये वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकाच्या शेवटी सुरू केलेला, की आत्ता एक मार्शमेलो (एक मऊ, गोड खाऊ) खा किंवा थोडं थांब मग दोन मिळतील. पुढे त्यातून असा निष्कर्ष पसरला की जी मुलं थांबली ती पुढे आयुष्यात यशस्वी झाली, म्हणजे संयम हाच सगळं. पण २०१८ मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी जास्त मुलांच्या माहितीवर पुन्हा तपासलं तेव्हा तो संबंध बराच कमी भरला, आणि घरची परिस्थिती वगैरे धरल्यावर तर आणखीनच खाली आला. मला मात्र यापेक्षा २०१३ चा रॉचेस्टर विद्यापीठातला प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो. तिथे किड नावाच्या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी मुलांना आधी दोन प्रकारची मोठी माणसं भेटवली, एक शब्द पाळणारी, म्हणजे चांगले रंग आणून देते म्हणाली आणि खरंच आणले, आणि दुसरी आणते म्हणून गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. त्यानंतर तीच मार्शमेलोची परीक्षा. शब्द पाळणाऱ्या मोठ्यांसोबतची मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, शब्द मोडणाऱ्यांसोबतची ३ मिनिटं.

हे वाचल्यावर बचत न करणाऱ्या माणसांकडे बघायची माझी नजर बदलली. ज्याने लहानपणापासून बघितलंय की साठवलेलं टिकत नाही, कुणीतरी मागून नेतं, आजारपणात जातं, कुणीतरी गुंतवतो म्हणून घेतं आणि परत येत नाही, त्याच्यासाठी आत्ताच खर्च करून टाकणं हे अगदी शहाणपणाचं आहे, त्याच्या अनुभवानुसार तरी. त्याला संयमावर भाषण देऊन काहीही होणार नाही. त्याला असा अनुभव हवा की ठेवलेलं जागेवर राहतं. म्हणून सुरुवातीला रक्कम अगदी लहान असली तरी चालेल पण ती कमी मुदतीची हवी, तीन महिन्यांत सहा महिन्यांत हातात परत येणारी, आणि ती ज्यासाठी ठेवली त्याच गोष्टीवर खर्च करायची. हो, खर्च करायची! स्वतःला दिलेला शब्द स्वतः पाळला हे मनाला एकदा दिसलं पाहिजे, मग ते वर्षभराचं, पाच वर्षांचं थांबायला तयार होतं.

ध्येयाबद्दल थोडंसंच बोलते. खूप पैसे हवेत हे ध्येय नाही कारण ते कधी पूर्ण झालं हे कळतच नाही, आणि जे पूर्ण झालेलं कळत नाही त्याचा आनंदही होत नाही. रक्कम, तारीख आणि कारण, तिन्ही असलं पाहिजे, आणि कारण तुमचं स्वतःचं असलं पाहिजे. दुसऱ्याचं बघून घेतलेलं ध्येय पहिल्या अडचणीला गळून पडतं. स्वतःला विचारून बघा की हे मी मिळवलं आणि कुणालाच कळलं नाही तरी मला ते हवं असेल का. उत्तर नाही आलं तर ती रक्कम दुसऱ्या कशासाठी तरी मोकळी झाली असं समजा.

आता ज्या भागाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय तिथे येते, तो म्हणजे मधला काळ. सुरुवातीला उत्साह असतो आणि शेवटाला आकडे मोठे दिसतात, पण मधली कित्येक वर्षं काहीच घडत नाही असं वाटतं आणि बहुतेक लोक तिथेच सोडून देतात. हे आकड्यांतच बघू. समजा दर महिन्याला १,००० गुंतवले आणि वर्षाला ८ टक्के दराने वाढले, दर महिन्याला चक्रवाढ धरून. पाच वर्षांनी तुम्ही ६०,००० भरलेले असतात आणि खात्यात साधारण ७३,५०० असतात. पाच वर्षं नेमाने भरून वरती मिळाले १३,५००! इथे माणूस म्हणतो की यात काय अर्थ आहे. दहा वर्षांनी भरलेले १,२०,००० आणि जमलेले सुमारे १,८३,०००. अजूनही डोळे दिपावेत असं काही नाही. वीस वर्षांनी सुमारे ५,८९,०००, आणि तीस वर्षांनी सुमारे १४,९०,०००, ज्यातले तुम्ही स्वतः भरलेले फक्त ३,६०,०००. म्हणजे शेवटच्या दहा वर्षांत नऊ लाखांच्या वर वाढ झाली, आणि पहिल्या दहा वर्षांत दोन लाखही जमले नव्हते. (ही नुसती गणिताची मांडणी आहे, खऱ्या बाजारात दरवर्षी सारखे ८ टक्के कुणी देत नाही आणि महागाई पण आपला वाटा घेतेच.)

हा तक्ता मी किती जणांना दाखवला असेन, सगळे माना डोलावतात, चक्रवाढ म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत असतं. पण माहीत असणं आणि सातव्या वर्षी टिकून राहणं यात फार अंतर आहे. सातव्या वर्षी नोकरीत कटकट चालू असते, घरात खर्च वाढलेले असतात, कुणीतरी कुठल्यातरी भलत्या गोष्टीत वर्षात दुप्पट केल्याच्या गोष्टी सांगत असतो आणि आपलं हे आपलं रांगतंय. आंब्याच्या कोयीला पाणी घालणाऱ्याला पहिल्या वर्षी फळ का नाही असं वाटत नाही, कारण झाडाचा वेळ आपल्याला माहीत असतो, पैशाचा वेळ मात्र आपण मान्यच करत नाही. म्हणून मला वाटतं की मधल्या काळात जमलेल्या रकमेकडे बघून उत्साह टिकवायचा प्रयत्नच करू नये. त्याऐवजी आपण काय केलं ते मोजावं, या वर्षी बारा महिन्यांपैकी किती महिने पैसे ठरल्याप्रमाणे गेले, एवढंच. रक्कम बाजाराच्या हातात आहे, महिने आपल्या हातात आहेत.

बाजार पडतो तेव्हाची गोष्ट याच्या बरोबर उलटी, तिथे कंटाळा नसतो, घबराट असते. डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की तेवढाच तोटा आपल्याला तेवढ्याच फायद्यापेक्षा जास्त लागतो, नंतर १९९२ च्या त्यांच्या मोजणीत हे प्रमाण साधारण सव्वादोन पट आलं. म्हणजे शंभर मिळाल्याचा जेवढा आनंद होतो त्याच्या दुपटीहून जास्त शंभर गेल्याचं दुःख. मग लाल आकडे दिसले की हात विकायच्या बटणाकडे जातो यात नवल काय. आणि जास्त हुशारी दाखवूनही इथे फायदा होत नाही, बार्बर आणि ओडियन यांनी अमेरिकेतल्या ६६,००० हून जास्त घरांची १९९१ ते १९९६ या काळातली खाती तपासली, त्यात सगळ्यात जास्त खरेदी-विक्री करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के मिळाले, आणि त्याच काळात बाजाराने दिले होते १७.९ टक्के. सारखं काहीतरी करत राहिलं की आपल्या हातात सूत्रं आहेत असं वाटतं, ते वाटणं महागात पडतं.

यावर उपाय म्हणून मन खंबीर ठेवा असं लोक सांगतात. मला तो उपाय वाटत नाही, कारण ज्या दिवशी खंबीर राहायचं असतं त्याच दिवशी मन सगळ्यात दुबळं असतं. शांत दिवशी एका पानावर लिहून ठेवा की बाजार २० टक्के पडला तर मी काय करेन, ३० टक्के पडला तर काय करेन, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा मी अशा ठिकाणी ठेवलेलाच नाही ना. त्या घाबरलेल्या दिवशी विचार करायचा नाही, फक्त वाचायचं. ५० टक्के पडलेली गोष्ट पूर्ववत व्हायला १०० टक्के वाढावी लागते हे पण त्याच पानावर लिहा, म्हणजे कुणी झटपट दुप्पट करून देतो म्हणालं तर धोका किती मोठा असू शकतो हे आठवेल.

खर्चाच्या बाबतीतही मनाची अशीच एक खोड आहे, ती रिचर्ड थेलर यांनी फार छान दाखवून दिलीय (२०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं). आपण मनात पैशाचे वेगवेगळे कप्पे करतो. पगाराचा पैसा जपून, बोनसचा पैसा सैल, कुठूनतरी अचानक आलेला पैसा तर अगदीच हलका. खरं तर सगळा पैसा सारखाच, पण मनाला ते पटत नाही. त्यामुळेच एका बाजूला बचत खात्यात कमी व्याजाने पैसे पडून असतात आणि दुसऱ्या बाजूला कार्डाची बाकी भल्यामोठ्या व्याजाने वाढत असते, आणि माणसाला यात काही विसंगती दिसत नाही कारण ते दोन वेगळे कप्पे आहेत. कार्डाचा तर वेगळाच प्रकार, प्रेलेक आणि सिमेस्टर यांनी २००१ मध्ये छापलेल्या प्रयोगात एका सामन्याच्या तिकिटांची बोली लावायला सांगितली होती, कार्डाने द्यायचे म्हटल्यावर लोकांनी लावलेली बोली रोखीवाल्यांच्या जवळपास दुपटीपर्यंत गेली. पैसे हातातून जाताना दिसले नाहीत की जाण्याची टोचणी कमी होते, आणि आता तर फोन नुसता पुढे धरला की काम होतं.

पण हे कप्पे वाईटच असतात असं मला वाटत नाही, त्यांचा उपयोग करून घेता येतो. ध्येयासाठीचं खातं वेगळं काढायचं आणि त्याला नाव द्यायचं, मुलीचं शिक्षण, स्वतःचं छोटं ऑफिस, दोन वर्षं नोकरीशिवाय राहता येईल एवढं स्वातंत्र्य, काय असेल ते. नाव दिलेल्या खात्याला हात लावताना मन थबकतं. हिशोबाच्या दृष्टीने काही फरक नाही, माणसाच्या दृष्टीने खूप आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इच्छाशक्तीवर कमीत कमी भार टाकायचा. थेलर आणि बेनार्झी यांनी २००४ मध्ये एका योजनेचे निकाल मांडले होते. कर्मचाऱ्यांना आत्ता बचत वाढवा असं न सांगता विचारलं गेलं की पुढची पगारवाढ होईल तेव्हा त्यातला थोडा भाग आपोआप बचतीत जाऊ दे का, हवं तेव्हा बाहेर पडता येईल. हातातलं काही कमी होत नव्हतं, त्यामुळे तोटा झाल्यासारखं वाटत नव्हतं. ज्यांच्यापुढे हे ठेवलं त्यातले ७८ टक्के लोक तयार झाले आणि ४० महिन्यांत त्यांच्या बचतीचं प्रमाण पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेलं. ही तीच माणसं होती ज्यांना आधी बचत वाढवायला सांगितलं तर जमणार नाही म्हणाली होती! त्यांचा स्वभाव कुणी बदलला नाही, फक्त निर्णयाची वेळ बदलली. म्हणून मी म्हणते पगार जमा होतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑटो डेबिट लावून टाका, आणि पगारवाढीचं पत्र हातात येईल त्याच आठवड्यात ती रक्कम वाढवा, कारण वाढलेला पगार दोन महिने हातात खेळला की तो आपला नेहमीचा पगार होऊन जातो, मग त्यातलं काही काढणं म्हणजे पुन्हा तोटा.

फक्त एक सावधगिरी. आपोआप चालणारी गोष्ट लावून विसरायची पण नसते. मेड्रियन आणि शी यांच्या २००१ च्या अभ्यासात नव्या कर्मचाऱ्यांना बचत योजनेत आपोआप सामील केलं तेव्हा सहभाग ४९ टक्क्यांवरून ८६ टक्क्यांवर गेला, मोठीच उडी, पण त्यातले बरेचसे लोक कंपनीने ठरवून दिलेल्या ३ टक्के या कमी दरावर आणि ठरवून दिलेल्या त्याच सुरक्षित फंडातच बसून राहिले. ज्या सुस्तीने त्यांना आत आणलं तिनेच त्यांना तिथे अडकवून ठेवलं. वर्षातून एकदा तरी रक्कम आणि जागा दोन्ही तपासायचीच.

महिना हुकला तर काय, हे पण बोलते. आजारपण येतं, लग्नकार्य येतं, गाडी बिघडते, एखाद्या महिन्यात ठरवलेले पैसे जात नाहीत. त्या एका महिन्याने तीस वर्षांच्या हिशोबात नगण्य फरक पडतो, खरा फरक पडतो तो त्यानंतरच्या वाक्याने, की जाऊ दे माझ्याकडून हे होणारच नाही. त्या वाक्यासाठी आधीच एक नियम करून ठेवा, एक महिना हुकला तर चालेल, लागोपाठ दोन हुकू द्यायचे नाहीत, दुसऱ्या महिन्यात अगदी दहावा हिस्सा का होईना पण गेला पाहिजे. हुकलेलं भरून काढायला पुढच्या महिन्यात दुप्पट टाकायचा अट्टहास पण नको, त्याने तो महिना पण कोलमडतो.

शेवटचा मुद्दा जोडीदाराचा, आणि यावर खरं तर वेगळं लिहायला पाहिजे. एका घरात दोन माणसं असली की पैशाची दोन मनं असतात. एकाला साठलेला पैसा म्हणजे सुरक्षितपणा, दुसऱ्याला तोच पैसा न वापरणं म्हणजे आयुष्य हातातून जाणं. दोघंही आपापल्या घरी जे बघत मोठे झाले तेच बोलत असतात, पण भांडण मात्र एका वस्तूच्या किमतीवरून होतं, आणि ते किमतीवर कितीही वेळ घातला तरी सुटत नाही. मी तर म्हणेन की ध्येयाचे आकडे मांडायच्या आधी एक संध्याकाळ फक्त एवढंच बोला की तुमच्या घरी पैसा संपायचा तेव्हा काय व्हायचं, कोण गप्प व्हायचं, कोण चिडायचं, पहिली कमाई हातात आली तेव्हा तू काय केलंस आणि का. मध्ये सल्ला द्यायचा नाही, ऐकायचं. ते झालं की मग वही काढा, दोघांच्या सोयीची रक्कम ठरवा, आणि दोघांनाही ज्याचा एकमेकांना हिशोब द्यावा लागणार नाही अशी थोडी रक्कम दर महिन्याला आधीच बाजूला काढून ठेवा, मग ती कितीही छोटी असू दे. ज्या घरांत ही मोकळी रक्कम असते तिथे लपवून खरेदी करणं आणि खोटे आकडे सांगणं बरंच कमी झालेलं मी बघितलंय, आणि जिथे दोघंही खरा आकडा सांगू शकतात तिथे बाकीचं ठरवायला सहसा दोन-तीन बैठकांपेक्षा जास्त लागत नाहीत.